ते फाटक बंदच राहू द्या

परवा कॅल्गरीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी चिडून लिहिलं होतं, "अस्वलांसाठी डोंगरातला रस्ता बंद केला. मग माणसांनी जायचं कुठे?" तिथे वाद नको म्हणून गप्प बसले. पण डोक्यातून गेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

जंगलातला कच्चा रस्ता ग्रिझलीला, म्हणजे इथल्या मोठ्या तपकिरी अस्वलाला, नकोसा असतो असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याच्या कडेला तिचं जेवण असतं. झाडं तोडली की ऊन जमिनीवर पोचतं, क्लोव्हर, डँडेलियनसारखी रानरोपं माजतात, तोडलेल्या पट्ट्यात बेरी धरतात. चंद्रपूरकडे मोहाची फुलं पडली की अस्वल आणि फुलं वेचणारी माणसं एकाच झाडाखाली येतात ना, तसंच हे. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये अशाच एका रस्त्यावर आम्हाला एक मादी दिसली, सोबत दोन पिल्लं. आम्ही गाडीत, काचा वर. दहा मिनिटं ती मान खाली घालून चरत होती, आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तेव्हा फार आनंद झाला होता. आता आठवलं की पोटात गोळा येतो, कारण आमच्या जागी बंदूकवालाही असू शकला असता.

आमच्या अल्बर्टा प्रांतात ग्रिझलीची खुली शिकार 2006 मध्ये बंद झाली. 2010 मध्ये ही प्रजाती संकटग्रस्तही जाहीर झाली. तरी अस्वलं मरतात, आणि बहुतेक माणसाच्याच हातून. कुणी चोरून मारतं, कुणी काळं अस्वल समजून गोळी झाडतं, कुणी दचकून, जीव वाचवायला. काही गाडीखाली येतात. या माणसांना तिथवर नेतो तो रस्ताच. बुलँजर आणि स्टेनहाउस या संशोधकांचा 2014 चा अभ्यास अल्बर्टातलाच आहे. रस्त्यांचं जाळं दाट होतं तिथे पिल्लंवाल्या माद्या आणि आईपासून नुकती सुटलेली तरुण अस्वलं जगण्याचं प्रमाण कमी, असं त्यांना आढळलं. ग्रिझली मादी पहिल्यांदा विते तीच पाच-सहा वर्षांची झाल्यावर, पुढेही साधारण तीन वर्षांतून एकदा. अशी एक मादी गेली तर ती जागा भरून यायला किती वर्षं लागतील, हिशेब करून बघा.

म्हणूनच महत्त्वाच्या अधिवासात दर चौरस किलोमीटरला 0.6 किलोमीटरपेक्षा जास्त उघडे रस्ते नकोत, असं इथल्या संवर्धन योजनेत ठरलं. शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात लाकूडतोड, खाणी आणि तेल-वायूसाठी काढलेले रस्ते सुमारे 6 लाख किलोमीटर आहेत. काम संपतं, कंपनी निघून जाते, रस्ता मात्र बऱ्याचदा उघडाच राहतो. माझा राग आहे तो यावर. काम झालं की फाटक लावा, जमेल तिथे रस्ता उखडून झाडं लावा. अमेरिकेतल्या मोंटानात फ्लॅटहेडच्या सरकारी जंगलात शेकडो मैल रस्ते असे मोडले आहेत.

रस्ता बंद झाला तर ज्यांना पायी चालवत नाही त्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या सासऱ्यांनाही चालवत नाही. त्यांना आम्ही हायवुड पास ही डोंगरातली खिंड दाखवायला नेतो, हायवे 40 वरून, चांगला डांबरी रस्ता आहे. तोही दरवर्षी 1 डिसेंबर ते 14 जून बंद असतो, बर्फामुळे आणि प्राण्यांसाठीसुद्धा. त्यावर ग्रुपवर आजवर कुणी तक्रार केलेली नाही. 15 जून उजाडायची वाट बघतो आणि जातो.