जामीनदाराचं काय?

तुमच्या लेखात म्हटलंय की अमेरिकेत चॅप्टर ७ खाली (म्हणजे दिवाळखोरी कायद्याच्या ज्या प्रकरणात हप्त्यांची योजना न करता बरीचशी देणी माफ होतात, त्याखाली) दिवाळखोरीचा अर्ज केला की माणूस कर्जातून मोकळा होतो. हे अर्धंच खरं आहे. अर्ज दाखल होताच वसुलीचे फोन, पगारावरची जप्ती, कोर्टातले दावे बहुतेक थांबतात, आणि झोप उडालेल्या माणसाला हा दिलासा फार मोठा असतो. पण क्रेडिट कार्डाची नि दवाखान्याची देणी सुटली तरी मुलांची पोटगी सुटत नाही, शैक्षणिक कर्जही सहसा नाही. गाडी तारण असेल आणि हप्ते थकले, तर ती उचलून नेऊ शकतात.

मला सगळ्यात जास्त लागतं ते जामीनदाराचं. माझ्या मावसभावाने तिथे मित्राच्या कर्जावर सही केली होती. मित्र चॅप्टर ७ खाली सुटला, आणि पुढच्याच महिन्यात वसुलीचं पत्र याच्या दारात! चॅप्टर १३ मध्ये, म्हणजे ३ ते ५ वर्षं हप्त्याहप्त्याने फेडायच्या योजनेत, घरगुती-वैयक्तिक कारणासाठी घेतलेल्या कर्जाच्या सहकर्जदाराला किंवा जामीनदाराला साधारणपणे तेवढ्या काळापुरतं तरी संरक्षण मिळतं. चॅप्टर ७ मध्ये तेही नाही. भावाला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. लेखात याबद्दल दोन ओळी जरूर घाला.