सपाट उतार फुकट मिळत नाही

तुमचा आक्षेप असा: इन्फ्लेशनला, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या झपाट्याच्या प्रसरणाला, एक क्षेत्र (अवकाशभर पसरलेली राशी) आणि त्याच्या ऊर्जेचा एक सपाट उतार पुरतो, मग सहा जादा मिती घेऊन स्ट्रिंग थिअरी (कण म्हणजे सूक्ष्म तंतूंची कंपनं मानणारा सिद्धांत) मध्ये कशाला आणायची? शिवाय एकावर ५०० शून्यं इतक्या शक्यता असलेल्या सिद्धांतातून काहीही काढून दाखवता येतं.

दुसऱ्या मुद्द्यातली शक्यतांची अफाट संख्या मान्य. पहिला मात्र अजिबात नाही.

सगळी मेख ‘सपाट’ या शब्दात आहे. विश्व सुमारे ६० ई-फोल्ड (दर ई-फोल्डला सुमारे २.७ पट), म्हणजे १० च्या २६ व्या घाताइतक्या पटीने ताणायचं तर उताराची वक्रता, म्हणजे ईटा, ०.०१ च्या घरात लागते. आता मूळ ऊर्जेत एक किरकोळ वाटणारी भर घाला: मूळ ऊर्जा गुणिले क्षेत्र-भागिले-प्लांक-वस्तुमान (पुंज-गुरुत्वाचं नैसर्गिक एकक) या गुणोत्तराचा वर्ग. क्षेत्र लहान असेल तर ही भर नगण्य. पण ईटासाठी दोनदा डेरिव्हेटिव्ह घेतलं की क्षेत्र गळून पडतं आणि उरतो सरळ २. सुमारे दोनशेपट! साध्या मॉडेलमध्ये या पदाचा सहगुणक शून्य धरलेला असतो, काढलेला नसतो. तो काढायला पुंज-गुरुत्वाचा (गुरुत्व आणि क्वांटम यांना जोडणारा) सिद्धांतच लागतो, आणि स्ट्रिंग थिअरी तसाच एक आहे.

२००३ मध्ये कच्रू, कलॉश, लिंडे, माल्डासेना, मॅकअॅलिस्टर आणि त्रिवेदी यांनी नेमकं हेच केलं. एक डी-३ ब्रेन (मेंदू नव्हे, मेम्ब्रेनमधला ब्रेन: तीन मितींचा पडदा) जादा मितींतल्या वाकलेल्या घशातून तळाच्या अँटी-ब्रेनकडे, म्हणजे विरुद्ध भाराच्या ब्रेनकडे, सरकतो. त्यांच्यातलं अंतर हेच इन्फ्लेटॉन, म्हणजे इन्फ्लेशन घडवणारं क्षेत्र. दोघांतलं आकर्षण हवं तितकं मंद निघालं. घोळ झाला तो जादा मितींचं आकारमान स्थिर करताना. ते ज्या चलाने बांधलं, त्यातच ब्रेनची जागा मिसळलेली असते. त्यामुळे ईटा आला २/३. म्हणजे वर्णपटाचा निर्देशांक (आदिम चढउतार लहान-मोठ्या अंतरांवर कसे बदलतात ते सांगणारा आकडा) २.३३ च्या आसपास; प्लांक उपग्रहाचं मोजमाप ०.९६५. हा बिघाड लेखकांनी त्याच निबंधात स्वतःच मांडला, हे विसरू नका. दुसऱ्या पदांनी तो खोडता येतो, पण सुमारे शंभरात एक इतक्या काटेकोरपणे जुळवून. आधीच्या लेखात मी या मॉडेलला ‘उलगडा’ म्हटलं होतं. तो शब्द मागे घेतो.

‘काहीही निघतं’ हे मात्र खरं नाही. २००८ च्या मोनोड्रॉमी या स्ट्रिंग-मॉडेलात ऊर्जा क्षेत्राच्या २/३ घाताने वाढते, नंतरच्या अॅक्सिऑन रूपात सरळ रेषेत. ६० ई-फोल्डना गुरुत्वीय लहरींचं प्रमाण अनुक्रमे ०.०४४ आणि ०.०६७ येतं. बायसेप-केक या दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणींची २०२१ ची वरची मर्यादा आहे ०.०३६. दोन्ही साधी रूपं बाद. २००८ चंच फायबर इन्फ्लेशन हे दुसरं स्ट्रिंग-मॉडेल ०.०१ च्या खाली राहतं, म्हणून अजून शर्यतीत आहे.

तुम्हाला टोचायचंच असेल तर खरी दुखरी जागा वेगळी आहे. २०१८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ वाफा आणि सहकाऱ्यांनी अटकळ मांडली की स्ट्रिंग थिअरीत प्लांक एककांत उतार भागिले ऊर्जा हे गुणोत्तर १ च्या आसपास तरी असायलाच हवं. वरच्या ०.०३६ ला ८ ने भागून वर्गमूळ घ्या: ०.०६७ पेक्षा जास्त उतार साध्या एक-क्षेत्री इन्फ्लेशनला चालतच नाही.