फवाऱ्याची वर्गणी मी देणार नाही

पाऊस लागला की जळगावात घरोघरी एकच रड: डस्टबिनवर चिलटं झालीत. उपायही ठरलेला, फवारा मारा. मला हे पटत नाही. ओट्यावर, उघड्या भाकरीशेजारी विष मारायचं. उडणारी तेवढी मरतात, तळाच्या अळ्या मजेत वाढतात.

आधी किडा कोणता ते तर बघा भो! केळीच्या सालीवर घोंघावणारी, ३ मिलिमीटरची, पिवळसर तपकिरी, लाल डोळ्यांची असेल तर ती फळमाशी. रावेर-यावलची केळी आपल्याकडे फणीनं नाही, घडानं येते, मग हिला काय कमी? काळ्या पडलेल्या सालीवर मादी अंडी घालते आणि २५ अंशांत साधारण १० दिवसांत नवी पिढी उडायला लागते. (मे महिन्यात ही फारशी दिसत नाही, तिशीच्या वर पारा गेला की तिची वाढ बिघडते. आपल्या उन्हाळ्याचा तेवढाच फायदा.)

पण बाथरूमच्या भिंतीवर चिकटून बसणारी, केसाळ, जड उडणारी माशी मोरीची. डबा कितीही घासा, ती हटणार नाही. तिच्या अळ्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात असतात. तो ब्रशनं खरवडावाच लागतो. शंका असेल तर रात्री जाळीवर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली, थोडी फट सोडून. सकाळी कळेल. कुंडीभोवतीची काळी, लांब पायांची तिसरीच. तिथे फक्त पाणी कमी करा.

फळमाशीसाठी वाटीत व्हिनेगर घ्या, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाका. माशी पाण्यावर टेकू शकत नाही, बुडते. पण ही वाटी मोठ्यांना पकडते, पैदास थांबवत नाही.

पैदास कुठे? पिशवी बदलली की डबा स्वच्छ झाला असं आपण धरून चालतो. एकदा पिशवी उचलून बघा. तळाशी बोटभर तपकिरी पाणी, त्यात पांढऱ्या बारीक अळ्या वळवळताहेत, आणि झाकणाच्या खाचेत भरताच्या वांग्याचं साल वाळून बसलंय. ते साबणानं घासून डबा उन्हात पालथा घाला. घंटागाडीनं दांडी मारली तर साली कागदात गुंडाळून ठेवा.

आमच्या ग्रुपवर सध्या बिल्डिंगभर फवारणीसाठी वर्गणी गोळा चाललीय. मी देणार नाही. प्रत्येक घरी एकेक लांब दांड्याचा ब्रश घेणार असाल तर सांगा, त्याचे पैसे आजच देतो.