‘सैराट’च्या आडून टोरंट चालवणाऱ्यांना

नवा मराठी सिनेमा लागला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. ‘सैराट’ लीक झाला तरी १०० कोटींच्या पार गेला, मग टोरंटनं, म्हणजे इतरांच्या कॉम्प्युटरवरून थेट फाइल उतरवून घेण्यानं, कुणाचं काय बिघडतं? आपण विकत थोडेच आहोत, नुसतं बघतो. आणि बघणं गुन्हा नाही, हे हायकोर्टच म्हणालंय. शिवाय जुने सिनेमे दुसरीकडे मिळतात कुठे?

आधी हायकोर्ट, कारण तिथे अर्धं खरं आहे. २०१६ साली ‘ढिशूम’च्या पायरसीच्या प्रकरणात न्या. गौतम पटेल यांनी म्हटलं होतं की गुन्हा बघण्यात नाही. परवानगीशिवाय वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्यानं देण्यात आहे. फॉरवर्डवाले पहिल्या अर्ध्या भागापाशीच थांबतात.

आता क्यूबिटटोरंट हे टोरंट उतरवायचं सॉफ्टवेअर उघडून बघा. डाउनलोडच्या वेगाशेजारी अपलोडचाही रकाना आहे. फाइल तुकड्यातुकड्यांनी येते आणि हाती आलेला तुकडा लगेच पुढच्याला जायला लागतो. सिनेमा ४० टक्केच उतरलेला असतो, तोवर तुम्ही तो अनोळखी माणसांना पुरवायला लागलेले असता. पीअर्सच्या, म्हणजे तीच फाइल देणाऱ्याघेणाऱ्यांच्या, यादीत त्यांचे आयपी पत्ते दिसतात ना? तुमचाही त्यांना दिसतो. फाइल पूर्ण होताक्षणी टोरंट उडवणाऱ्या सभ्य गृहस्थांचाही रेशो, म्हणजे उतरवलेल्याच्या तुलनेत पुढे पाठवलेल्याचं प्रमाण, सहसा शून्य नसतो. म्हणजे कोर्टानं ज्याला गुन्हा म्हटलं, नेमकं तेच वाटप घरबसल्या चालू असतं.

राहिला ‘सैराट’. त्याला गर्दीपायी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले होते. तसं नशीब किती मराठी सिनेमांचं असतं? बाकीच्यांना मल्टिप्लेक्समध्ये भरदुपारचा एखादा शो मिळतो आणि पहिल्या तीन दिवसांचा गल्ला बघून पुढच्या आठवड्यात तोही राहील की जाईल ते ठरतं. उतरवणारा प्रत्येक जण तिकीट काढणारच होता, हा निर्मात्यांचा हिशेबही फुगवलेलाच, मान्य. पण ज्या शोला वीसच माणसं आहेत, तिथे पाच जण घरी बसले तरी शो उडतो.

जुने सिनेमे मिळत नाहीत, ही तक्रार मात्र रास्त आहे. फक्त तिचं उत्तर टोरंट नाही. टोरंट सीडरवर, म्हणजे पूर्ण फाइल इतरांना पुरवत राहणाऱ्यांवर, जगतं आणि सीडर धावतात ते गेल्या शुक्रवारच्या सिनेमामागे. कृष्णधवल काळातल्या एखाद्या मराठी सिनेमाचं टोरंट शोधा. सापडलंच तर सीडर बहुधा शून्य. मागायचंच तर ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांच्याकडे मागा, की पैसे घ्या, पण सिनेमा कुठेतरी लावा.