प्लॉटनं वर्षाला ३३% दिले म्हणे, तो हिशेब एकदा मांडून बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, तुमच्याकडे पण आला असेल. थोडक्यात असा: "२००९ ला ५ लाखाचा प्लॉट घेतला, २०२४ ला २५ लाख झाले. म्हणजे ५००% रिटर्न, भागिले १५, वर्षाला ३३%. बँकेची एफडी ७%, १५ वर्षात फक्त १०५%. आरडी (महिन्याच्या हप्त्याची ठेव) तर ४% पण देत नाही. एफडी मोडा, जागा घ्या."

शहापूरच्या आमच्या मामांचा परवा फोन, "तो मेसेज बगितलास काय रे, मी एफडी मोडूलोय." रिटायरमेंटचे पैसे आहेत ते, मामींचं औषधपाणी त्या व्याजावर चालतंय. म्हणून बसून सगळं मांडलं, आणि मांडल्यावर राग आला म्हणून इथं लिहितोय.

आधी ते ५००%. ५ चे २५ झाले म्हणजे पैसे पाचपट झाले, पण त्यातले ५ तर आपलेच घातलेले, फायदा २० लाख, म्हणजे ४००%. मुद्दलच नफ्यात धरलंय. ही साधी चूक, सोडून देऊ.

खरी गडबड १५ नं भागण्यात आहे. दरवर्षी ३३% वाढ म्हणजे पहिल्या वर्षी ५ लाखावर ३३%, दुसऱ्या वर्षी ६ लाख ६५ हजारावर ३३%, असं चढत जातं. तसं १५ वर्षं चाललं असतं तर त्या प्लॉटचे २५ लाख नाही, साडेतीन कोटींच्या वर झाले असते! ३३% नं पैसे अडीच वर्षाच्या आतच डबल होतात, म्हणजे २००९ चा ५ लाखाचा प्लॉट २०१२ च्या सुरुवातीलाच १० लाखाला जायला पाहिजे होता, मेसेजमधल्या हिशेबाला हे कुठंच जुळत नाही.

बरोबर हिशेब मोबाईलवर होतो. कॅल्क्युलेटर आडवा धरा, घाताचं बटण येतं. २५ भागिले ५ किती, ५. त्या ५ चा घात (१ भागिले १५), कंसासकट. उत्तर १.११३३, त्यातून १ वजा करा, ११.३३%. ह्यालाच सीएजीआर म्हणतात, म्हणजे दरवर्षी सारख्या दरानं चढलं असतं तर तो दर किती. ३३ कुठं आणि ११ कुठं.

आता खर्च, ज्याचं मेसेजमध्ये नाव पण नाही. घेताना स्टॅम्प, रजिस्ट्रेशन, वकील, कंपाऊंड, आणि विकताना एजंटचं कमिशन. घेतानाचे ६० हजार धरा, विकताना ५० हजार, म्हणजे घातले ५ लाख ६० हजार, आले साडेचोवीस लाख. दर १०.३ वर आला. वर कॅपिटल गेन टॅक्स, म्हणजे विकून झालेल्या नफ्यावरचा कर. २३ जुलै २०२४ नंतर विकलं तर १२.५% सरळ, पण त्याआधी घेतलेल्या जागेला खरेदीची किंमत महागाईच्या इंडेक्सनं वाढवून उरलेल्या नफ्यावर २०% चा पर्याय आहे, जो कमी पडेल तो. इंडेक्स २००९-१० चा १४८, २०२४-२५ चा ३६३. ह्या प्लॉटला दुसरा पर्याय स्वस्त पडतो, सेस (टॅक्सवरचा जादा कर) धरून सव्वादोन लाखाच्या आसपास. हातात राहतो दर साडेनऊ-पावणेदहा. घरपट्टी मी धरलेली नाही. आणि हे सगळं विकून पैसे बँकेत आले तर! मेसेजवाल्याचे २५ लाख बहुतेक कुणीतरी तोंडी सांगितलेला भाव असणार, गिऱ्हाईक उभं राहिल्यावरच खरं कळतं.

एफडीला मात्र उलटा अन्याय. ७% गुणिले १५ म्हणजे १०५%, हे व्याज दरवर्षी काढून खाल्लं तर. ठेवून दिलं तर बँक तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात घालते, त्या हिशेबानं ५ लाखाचे १५ वर्षात साधारण १४ लाख १६ हजार होतात, १८३% फायदा. मेसेजच्याच पद्धतीनं १५ नं भागा, एफडी पण वर्षाला १२.२% देते असं येईल! म्हणजे प्लॉटला एक माप आणि एफडीला दुसरं. एफडीच्या व्याजावर पण टॅक्स आहे, तो ज्याच्या त्याच्या स्लॅबप्रमाणे, हे मी लपवत नाही. आणि ह्या उदाहरणात प्लॉट एफडीपेक्षा पुढं राहिला हे पण खरं, पण दोन-अडीच टक्क्यांनी, सव्वीस टक्क्यांनी नाही.

आणि आरडी. ह्या मुद्द्यावर भिशीवाले पण फसतात म्हणून सावकाश सांगतो. महिना ५ हजार, वर्षात भरले ६० हजार, ७% दरानं मिळाले साधारण ६२,३००. २,३०० भागिले ६० हजार, ३.८%. लोक म्हणतात बँकेनं फसवलं, ७ सांगून ४ पण दिले नाहीत. अहो पण ६० हजार वर्षभर बँकेत होते कुठं? पहिला हप्ता १२ महिने राहिला, दुसरा ११, शेवटचा एकच महिना. सरासरी काढा, साडेसहा महिने. साडेसहा महिन्यात ३.८%, तर बारा महिन्यात किती? ७ च्या वरच. बँकेनं सांगितलेलंच दिलंय. हप्ते कमी-जास्त आणि तारखा वेगवेगळ्या असल्या तर एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये एका कॉलमला तारखा, दुसऱ्याला रकमा, भरलेल्या वजा आणि मिळालेल्या अधिक, आणि खाली एक्सआयआरआर (XIRR) फॉर्म्युला लावा, तो सगळ्या तारखा धरून वर्षाचा दर देतो.

मामांना वहीत हे सगळं लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग त्या जागेचं महिन्याला काय येतंय?" काहीच नाही मामा, विकेपर्यंत एक रुपया नाही. एफडीची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय, तोवर ती तशीच ठेवूया म्हणालेत.