बटाट्याचं वजन

सासूबाईंनी किचनमधल्या डिजिटल काट्यावर गरम कुकर ठेवला, काटा गेला, म्हणून काल संध्याकाळी ऐन गर्दीत मी आमच्या गिनी पिगला टोपलीत घालून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेले. नाव बटाटा. (बटाटा खायला चालत नाही त्याला, ते सोडा.)

रांगेत पुढे एक काका, रवा घ्यायला आलेले.

"कितीला दिला?"

"विकायचा नाहीये काका, घरचा आहे."

"मग वजन कशाला?"

आता काय सांगू, की ही जात आजारी पडली तरी शेवटपर्यंत दाखवतच नाही, त्यामुळे दर आठवड्याचं वजन एवढाच काय तो पुरावा, आणि ५०-६० ग्रॅम उतरलं की धावपळ करायची. तरी सांगितलं.

"खातो काय?"

"सुकं गवत, दिवसभर. दात आयुष्यभर वाढतात, चावून चावून झिजायला लागतात. शिवाय रोज ढोबळी मिरचीची फोड. आपल्यासारखंच त्याच्या अंगात व्हिटॅमिन सी तयार होत नाही."

"रोज ढोबळी! आमच्याकडे सून पंधरवड्यातून एकदा करते, तीही पीठ पेरून." काका मनापासून दुखावले. "गवतच द्यायचं तर लसूणघास घाला की."

"मोठ्याला रोज नाही चालत, कॅल्शियम जास्त असतं, मुतखडा होतो."

झालं! काकांना मुतखडा होऊन गेलेला. कुठे कळ आली, सोनोग्राफीवाला काय म्हणाला, कुळथाचं पाणी किती प्यायले, सगळं झालं, आणि मागची रांग माझ्याकडे बघतेय, जणू खडा मीच दिला.

शेवटी टोपली शून्य करून बटाटा वर. ८८०. गेल्या रविवारी ९४० होता! माझ्या पोटात गोळा, आणि काका शांतपणे म्हणतात, "ह्याचा काटा जास्त दाखवतो." लगेच एक किलोचा साखरेचा पुडा उचलून ठेवला. १०२०.

"पिशवीचं वजन असतं ना काका," शेठ.

"वीस ग्रॅमची पिशवी? पत्र्याची आहे का?"

पुढची दहा मिनिटं दोघं भांडले. बटाट्याने काट्यावर लेंड्या टाकल्या, त्यावरून मलाच ऐकवलं. म्हणजे खरं वजन ८८० की ८६०, की शेठचा काटा नुसता मूडवर चालतो? आणि डॉक्टर गाठावा तर आमच्या भागात सगळे कुत्रा-मांजरवाले, मागे एकाने टोपली बघून दारातूनच "हे आम्ही नाही बघत" सांगितलं होतं. जीव लहान म्हणून फी तरी कमी घेतात का कुणी? आता सकाळी सुट्टी टाकून, रिक्षा करून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचंय.

काकांना भांडणात मूठभर रवा जास्त मिळाला. मला शेठने काटा पुसायला फडकं दिलं.