काटा खोटा, मान्य. पुढे?

नमस्कार. ‘छोट्या विमानाचं इंधन हवेत संपणं म्हणजे पायलटचा शुद्ध निष्काळजीपणा’ हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला चांगलंच झोंबलेलं दिसतंय. खुर्चीत बसून पायलटला नावं ठेवणं सोपं असतं, विमानं चाळीस-पन्नास वर्षांची जुनी, इंधनाचे काटे भरवशाचे नाहीत, साधी कारसुद्धा अजून किती किलोमीटर जाईन ते सांगते, मग बनवणाऱ्यांना का नाही बोलत, असं तुम्ही लिहिलंय. कॉमेंट तिखट आहे पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळीत गुंडाळत नाही.

आधी माझी चूक. मी दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली. टाकीत थेंबही न उरणं वेगळं आणि टाकीत इंधन असूनही ते इंजिनापर्यंत न पोचणं वेगळं. बऱ्याच छोट्या विमानांत डावी टाकी-उजवी टाकी असं हाताने बदलावं लागतं, आणि तिथे डिझाइनचा दोष जीव घेऊ शकतो. गायक जॉन डेन्व्हर 1997 मध्ये गेला ते असंच. त्याच्या लाँग-ईझी या घरी बांधायच्या छोट्या विमानात टाकी बदलायचा खटका ते बांधणाऱ्याने पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता, म्हणजे तो फिरवायचा तर उडवता उडवता मागे वळायचं! हे उदाहरण तुमच्या बाजूचं आहे, मीच देऊन टाकतो.

आता काटा. पंखातली टाकी पसरट आणि उथळ, आत तरंगणारा फ्लोट, त्याला दांडी, विमान जरा कललं की इंधन एका बाजूला जातं आणि काटा नाचायला लागतो. ‘नियमाप्रमाणे काटा फक्त शून्यावर बरोबर असला की झालं’ असं तुम्ही म्हणता ते मात्र अर्धवट आहे. अशा जुन्या विमानांचा अमेरिकेतला नियम एवढंच सांगतो की सरळ उड्डाणात वापरता येण्यासारखं इंधन संपलं की काट्याने शून्य दाखवलं पाहिजे. बाकी ठिकाणी कसाही चालेल असं त्यात कुठे लिहिलंय?

पण काटा फसवतो हे तर शिकाऊ पायलटलाही पहिल्या काही दिवसांतच सांगतात हो. म्हणून तर विमानातलं इंधन घड्याळावर मोजायचं असतं. माझा एक मित्र असली विमानं उडवतो, त्याला मी बघितलंय. शिडी लावून पंखावरचं झाकण उघडतो, मोजपट्टी बुडवून झटकन बाहेर काढतो, कारण ओली रेघ बघता बघता उडून जाते, मग परत एकदा बुडवतो, आणि मांडीवरच्या कागदावर गॅलन नव्हे, तास लिहितो. ‘4 तास 10.’ खाली लगेच ‘3 तासांना जमिनीवर, कुठेही.’

आणि हिशोबही दिसतो तेवढा सरळ नसतो बरं का. सेस्ना 172 एस या चार जणांच्या छोट्या विमानात वापरता येण्यासारखं इंधन 53 गॅलन, म्हणजे साधारण 200 लिटर. तासाला 8 गॅलन खाल्लं तर साडेसहा तास, 10 खाल्लं तर सव्वापाच. वर गेल्यावर मिक्श्चर पातळ करायचं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी करायचं राहिलं, इंजिन जरा जोरात चालवलं, की तासाभराहून जास्त वेळ गायब, आणि वर समोरून वारा असला तर तेच अंतर कापायला वेळही जास्त. झाकण नीट बसलं नसेल तर पंखावरची हवा इंधन बाहेर खेचून घेते, तेही बसल्या जागी कळत नाही.

तरीही सगळं यंत्रावर ढकलता येत नाही, आणि इथे माझा ‘निष्काळजीपणा’ही आडवा पडतो. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2011 ते 2015 चे इंधनामुळे झालेले अपघात बघितले, वर्षाला सरासरी पन्नासच्या वर. यंत्राचा दोष फक्त 5 टक्क्यांत. शिकाऊ पायलट जेमतेम 2 टक्के आणि जवळजवळ निम्म्यांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचं लायसन! म्हणजे ही माणसं अडाणी नव्हती, हिशोब येत होता त्यांना. माझ्या मते घोळ ‘आलंच की आता’ मध्ये आहे. वाटेतली धावपट्टी खाली दिसत असते, पण उतरायचं म्हणजे तासभर मोडणार, मागे बसलेले कुरकुरणार, आणि काटा तर अजून पाव टाकी दाखवतोय. इतका वेळ ज्या काट्याला खोटारडा म्हणत होतो त्याच्यावर नेमका तेव्हा विश्वास बसतो! तिकडच्या नियमात दिवसा 30 आणि रात्री 45 मिनिटांचं जादा इंधन धरूनच निघायचं असतं, पण तो अडीअडचणीचा अर्धा तास मनातल्या मनात प्रवासातच जमा होतो.

कारसारखा कॉम्प्युटर म्हणाल तर तोही मिळतो, इंजिनाकडे जाणारं इंधन मोजून किती उरलं ते सांगतो. पण बऱ्याच यंत्रांत सुरुवातीचा आकडा पायलटनेच भरायचा असतो. टाकी बोटभर कमी असताना ‘फुल’ दाबलं की ते दशांशापर्यंत अचूक खोटं सांगणार.

तर लेखातलं ते वाक्य काढलंय आणि डेन्व्हरचं उदाहरण वेगळ्या परिच्छेदात टाकलंय. तुम्ही स्वतः उडवता का? कॉमेंट वाचून तसं वाटलं. उडवत असाल तर तुमच्या विमानाचा काटा अर्ध्यावर असताना मोजपट्टी काय सांगते ते नक्की लिहा.